उमेदवारीचे दिवस

गेल्या वर्षी उन्हाळ्यात उसाच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय ‘ओजेटी’, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. टेबलावर स्पायरल बाइंडिंगच्या अहवालांचा गठ्ठा, आणि प्रत्येक अहवालाच्या शेवटी १२० तास काम केल्याचं प्रमाणपत्र. चौथा की पाचवा अहवाल चाळताना लक्षात आलं, की लेटरहेड वेगवेगळ्या दुकानांची आहेत पण मजकूर एकच आहे, आणि इंग्रजी ‘सॅटिस्फॅक्टरी’तला एक टी सगळीकडे सारखाच गायब आहे. मग उरलेले मुद्दाम मोजले. अकरा निघाले. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. मसुदा तिथल्या कॉम्प्युटरवर तयार असणार, नाव बदलायचं आणि शिक्का मारून आणायचा. मी कुणाला काही विचारलं नाही. या मुलांच्या आयुष्यातला ‘कामाचा अनुभव’ नावाचा पहिला कागद असा तयार झाला होता, आणि तो तसा का झाला हे मला ठाऊक होतं.

पदवी हातात पडण्याआधी पोटापाण्याची तयारी कशी करायची, हा प्रश्न आपल्याकडे पदवीइतकाच जुना आहे. आज त्यावर उपाय ढीगभर आहेत: स्पर्धा परीक्षा, कॅम्पस, इंटर्नशिप, स्किल कोर्स, सरकारी योजना. जवळ जाऊन पाहिलं तर यातली बरीचशी तयारी दार उघडण्याची असते. आत गेल्यावर करायचं काय, ते आत गेल्यावर बघू, असा एकूण कारभार.

‘उमेदवारी’ या शब्दाला आता फक्त निवडणुकीचा वास येतो. आमच्या आजोबांच्या पिढीत ‘उमेदवारी करणं’ म्हणजे कचेरीत, छापखान्यात, वकिलाकडे बिनपगारी किंवा नाममात्र पैशांवर राबणं, जागा निघेल या आशेवर. उमेद म्हणजे आशा, म्हणून उमेदवार. त्यात पिळवणूक भरपूर होती, गोडवे गाण्यासारखं त्यात काही नाही. पण उमेदवार रोज कामाच्या जागी असायचा, आणि टिपण चुकलं तर कारकून त्याच्याच अंगावर ओरडायचा.

विद्यापीठ मात्र जन्मापासूनच कामाच्या जागेपासून लांब. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर: कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या. शिकवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर यायला विसावं शतक उजाडलं. परीक्षा हीच संस्था, ही गोष्ट आपल्या हाडीमाशी इतकी मुरली आहे, की आजही मुलगा ‘काय करतो’ या प्रश्नाला घरचे ‘शेवटच्या वर्षाला आहे’ असं उत्तर देतात.

तरीही त्याच काळात एक वेगळी रीत होती, तिची आठवण फारशी निघत नाही. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी काही काळ चालू ठेवली आणि पुढे तो पैसा शिक्षणाकडे वळवला. त्यातून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जात. हुशार विद्यार्थ्याने स्वतः पुढे शिकायचं, खालच्या वर्गांना शिकवायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली पदवी मिळवणाऱ्या चौघांपैकी न्या. रानडे असे फेलो होते. पुढे डेक्कन कॉलेजात आगरकरही. आगरकर आणि टिळकांनी सरकारी नोकरीऐवजी शाळा काढायचं कॉलेजात असतानाच ठरवलं आणि चिपळूणकरांबरोबर १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं, हे आपल्याला पाठ आहे. त्यातला त्याग आपण सांगतो. शिकवणं म्हणजे काय याचा अंदाज त्यातल्या एकाला तरी शिकता शिकताच येत होता, हे राहून जातं.

या सगळ्यापेक्षा रांगडा आणि माझ्या मते अधिक खोल गेलेला प्रयोग साताऱ्याचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. ‘कमवा आणि शिका’ तिथली. गरिबाच्या पोराने फीच्या बदल्यात अंगमेहनत करावी, हा त्याचा सरळ अर्थ. मुलं स्वयंपाक करत, शेतात खपत, बांधकामाला हात लावत. यात ‘करिअर’ हा शब्द कुठे बसत नाही, आणि भाकरी थापण्याचा पुढे नोकरीत काय उपयोग, असंही कुणी म्हणेल. पण शंभर जणांच्या पंगतीला भाकरी कमी पडली तर ती कुणाच्या पाळीत पडली हे सगळ्यांना कळायचं. कामाची कुणीतरी वाट पाहत होतं. माझ्या पाहण्यातली जी जी व्यवस्था विद्यार्थ्याला खरोखर घडवते, तिच्यात ही एक गोष्ट सापडतेच, आणि जी घडवत नाही तिच्यात ती हटकून नसते. ‘कमवा व शिका’ आज विद्यापीठाच्या योजनेच्या रूपाने अनेक कॉलेजांत आहे. मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेला पाणी घालतात, ऑफिसात फायली हलवतात, तासाप्रमाणे पैसे घेतात. गरजूला त्या पैशांचा आधार मोठा असतो. मात्र बऱ्याच ठिकाणी काम शोधून काढावं लागतं, आणि शोधून काढलेलं काम मुलांना लगेच ओळखू येतं.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ ची. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं शिबिर. ग्रामसफाईचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. शिबिराच्या स्वयंपाकाचा हिशेब ज्याच्याकडे असतो तो पोरगा मात्र त्या सात दिवसांत बरंच शिकतो.

कामाची वाट पाहणारं माणूस सर्वांत ठळक दिसतं ते सीएच्या ऑफिसात. वाणिज्य शाखेत ही गंमत वर्षानुवर्षं चालू आहे: नाव कॉलेजच्या हजेरीपटावर, जीव आर्टिकलशिपला. पूर्वी तीन वर्षांची असलेली ही उमेदवारी २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांवर आली. टॅक्स ऑडिटच्या हंगामात, ३० सप्टेंबरच्या आधीच्या दिवसांत, कुठल्याही शहरातल्या जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर रात्री दिवा दिसला तर खुशाल समजावं, आत विशी-बाविशीची चार मुलं व्हाउचरवर टिका मारत बसली आहेत. स्टायपेंड किरकोळ, बोलणी भरपूर. पण बँकेचं स्टेटमेंट आणि खातेवही यांत अठराशे रुपयांचा फरक का येतो, हे शोधायला रात्रीचे दोन वाजवलेला मुलगा वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्यापेक्षा वेगळा होतो. सीए होणारे थोडे. न झालेलाही गावी परतून व्यापाऱ्यांची रिटर्न भरतो आणि घर चालवतो. अपयशी माणसाच्या हातातही काम ठेवणारी दुसरी परीक्षा मला पटकन आठवत नाही.

दुसरं उदाहरण थोडं आडवाटेचं वाटेल: पुरुषोत्तम करंडक. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासूनची. पावसाळाभर कॉलेजच्या कुठल्यातरी गळक्या हॉलमध्ये तालमी, मग भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’च्या गदारोळात एक प्रयोग. मराठी रंगभूमी, मालिका आणि सिनेमातली कितीतरी माणसं या वाटेने आली. मला कौतुक पडद्यावर दिसलेल्यांपेक्षा दिसत नाहीत त्यांचं जास्त वाटतं. मंडईतून बांबू आणणारा, वर्गणीचे पैसे जुळवणारा, प्रकाशयोजनेचा नकाशा वहीत काढणारा, ठरलेल्या मिनिटांत नेपथ्य उभं करून बाजूला होणारा. प्रोजेक्ट मॅनेजमेंट नावाचा विषय एमबीएला शिकवतात. या पोरांना ते नाव माहीत नसतं आणि प्रयोगाची तारीख पुढे ढकलता येत नाही. आई-वडील मात्र ‘नाटकात वर्ष घालवलं’ म्हणतात.

आता दारांकडे वळू. महाराष्ट्रात पदवीच्या वयाच्या मुलामुलींची सर्वांत मोठी ‘तयारी’ स्पर्धा परीक्षेची आहे, आणि ‘तयारी करतोय’ या दोन शब्दांना मराठीत आता दुसरा अर्थच उरलेला नाही. कशाची, असं कुणी विचारत नाही. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बसता येतं, म्हणून तयारी पहिल्या वर्षापासून. मग बी.ए.ला विषय असे घ्यायचे की त्रास नको, किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यायची आणि दिवस अभ्यासिकेला द्यायचा. पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रस्ता हा या जगाचा गाभा. कॉट बेसिसवर खोली, महिन्याच्या कूपनवर मेस, अभ्यासिकेत ठरलेली खुर्ची, खुर्चीवर बांधलेली उशी, समोरच्या भिंतीवर चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा. चहाच्या टपरीवर चर्चा एकच: जाहिरात कधी येणार, किती जागांची.

या मुलांना वेड्यात काढणारे लेख अधूनमधून येतात. ते वाचून मला राग येतो. ज्याच्या बापाची कोरडवाहू तीन एकर आहे, ज्याला इंग्रजीत अडखळायला होतं, ज्याच्या ओळखीत कंपनीतला एकही साहेब नाही, त्याच्यासाठी हे एकच दार असं आहे की जिथे नाव पुकारलं जातं ते गुणांवर. त्याचा हिशेब चुकीचा नाही, फक्त दार फार अरुंद आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांहून जास्त अर्ज आले, खुल्या वर्गाला फी हजार रुपये. २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजारांवर पदांना सतरा लाखांवर अर्ज. त्यात दाराची चौकटही मध्येच बदलते. लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरवलं. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि बदल २०२५ वर गेला. बहुपर्यायीसाठी चार वर्षं घासलेल्या मुलाला लेखणी धरून निबंध लिहायची सवय आता नव्याने करायची आहे. खरं सांगायचं तर ही नवी पद्धत मला जास्त शहाणी वाटते. पण ती ज्याच्या अट्ठाविसाव्या वर्षी आली त्याला हे कोण सांगणार? खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा अडतीस आहे, ही सवलत म्हणायची की सापळा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

इंजिनिअरिंगचं दार वेगळं, पण घासणं तेच. तिसऱ्या वर्षापासून अ‍ॅप्टी, मग कोडिंग राउंड, जीडी, एचआर. त्याआधी चाळणी: दहावी, बारावी आणि डिग्री सगळीकडे साठ टक्के, लाइव्ह बॅकलॉग नको. ज्या पोराला बारावीला कावीळ झाली आणि अठ्ठावन्न पडले, त्याला चार वर्षांनंतरही बाहेर उभं राहावं लागतं. कॉलेजच्या फ्लेक्सवर सर्वांत मोठ्या पॅकेजवाल्याचा फोटो असतो, आणि मधला मुलगा किती कमावतो ते पालकांना कळत नाही. दार उघडल्यावरही आत घेतीलच असं नाही. २०२२ च्या बॅचमधल्या कित्येकांनी ऑफर लेटर हातात ठेवून जॉइनिंगची वाट पाहण्यात महिने काढले, काहींनी दोन वर्षं. या चाळणीला ‘कम्युनिकेशन स्किल’ नावाचं एक टोकही आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ इंग्रजी. गिऱ्हाइकाला मराठीत पटवून दोन हजारांचा माल गळ्यात मारणाऱ्या मुलाला संवादकौशल्य नाही, असा शेरा मी माझ्या डोळ्यांनी वाचला आहे.

सगळ्याचा निकाल एका आकड्यात पाहायचा तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्थेच्या २०२४ च्या अहवालात तो आहे: २०२२ मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांत ३.४. याचा अर्थ अडाणी राहणं बरं असा नाही. न शिकलेल्याला मिळेल त्या कामावर उभं राहावं लागतं, पदवीधराला वाट पाहणं घरच्यांच्या जिवावर थोडंतरी परवडतं. पण वाट पाहताना हात रिकामे असतात.

सरकारला हे दिसत नाही असं नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहे. ‘उमेदवारी’ हा जुना शब्द त्यात तरी टिकला. तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरवले आणि केंद्राने त्यातला काही भार उचलला. २०२४ मध्ये राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: सहा महिने काम, बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. त्याच वर्षी केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना, देशातल्या ५०० मोठ्या कंपन्यांत, महिना ५,००० रुपये. एक बारीक अट दोन्हींत होती: उमेदवार शिकत नसावा. राज्याला शिक्षण चालू असलेले नकोत, केंद्राला पूर्णवेळ विद्यार्थी नकोत. म्हणजे सरकारने पैसे ठेवले ते शिक्षण संपल्यानंतरच्या पोकळीसाठी, आणि शिकत असतानाच्या कामाची जबाबदारी कॉलेजांच्या माथी मारली, तीही पैशांशिवाय.

ती जबाबदारी नव्या शैक्षणिक धोरणातून आली. आपल्याकडे पदव्युत्तर वर्गांना २०२३-२४ पासून, संलग्न कॉलेजांच्या पदवीला २०२४-२५ पासून. तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट, त्यात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसंपर्काचे काही, आणि ओजेटीचे चार. एका क्रेडिटला तीस तास, म्हणून १२०. कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. चाकणला, वाळूजला, अंबडला, जिथे एमआयडीसीचा भोंगा कॉलेजपर्यंत ऐकू येतो, तिथे ती कशीबशी चालेलही. तालुक्याच्या गावी एका वर्गात साठ मुलं आणि त्यांना घेऊ शकतील अशा जागा किती? एक साखर कारखाना, दोन-तीन पतसंस्था, बँकांच्या शाखा, मार्केट यार्डातल्या पेढ्या, चार टॅक्स कन्सल्टंट. पतसंस्थेचा मॅनेजर म्हणतो, आमचं खातं तुमच्या पोराच्या हाती कसं देऊ? मुलींना शेवटची एसटी साडेसहाची. प्राध्यापकाने जागा शोधायच्या, करार करायचे, भेटी द्यायच्या, आणि त्यासाठीचा पेट्रोलचा खर्च कुठल्या शीर्षकाखाली टाकायचा याचं उत्तर ऑफिसकडे नसतं. मग झेरॉक्सवाला सगळ्यांची सोय करतो.

त्या दिवशी बाराव्या नंबरला एक मुलगी आली. तिचा अहवाल बाइंडिंगचा नव्हता, फुलस्केपची सोळा पानं टाचून आणलेली, हाताने लिहिलेली. काम मामाच्या कृषी सेवा केंद्रात. मी सवयीने विचारलं, काय शिकलात? ती म्हणाली, “सर, औषधाच्या बाटलीवर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते. मुदत संपत आलेला माल कंपनी परत घेते, पण आधी कळवलं तरच. मामा कळवायचे विसरायचे. मी वही केली.” वही तिने आणली होती. डावीकडे माल, उजवीकडे मुदत, लाल पेनाने खुणा. पुढची पानं उधारीची. शेतकरी बी आणि खत उधारीवर नेतो ते उसाचं बिल येईपर्यंत. कारखान्याने चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाची ठरलेली किमान किंमत, द्यायची हा कायदा, पण बिल लांबतं, आणि दुकानदाराला मात्र महिन्याच्या अकरा तारखेला जीएसटीची विक्री दाखवावी लागते, वीसला कर भरावा लागतो. वसूल न झालेल्या विक्रीवरचा कर खिशातून जातो, हे तिने मला आकड्यांनिशी समजावलं. मी खेळतं भांडवल हा विषय पंचवीस वर्षं शिकवतोय. इतक्या स्वच्छ भाषेत मला तो कधी सांगता आलेला नाही.

“पुढे काय करणार?” मी विचारलं.

“तयारी करायची म्हणते, सर. पुण्याला.”

“आणि हे दुकान?”

“ते काय, घरचंच काम आहे.”

ती गेल्यावर गुणपत्रक पुढे ओढलं. रकाने छापील होते: प्रमाणपत्र, हजेरी नोंद, अहवालाची बांधणी व सादरीकरण, पीपीटी, तोंडी. तिच्या प्रमाणपत्राला लेटरहेड नव्हतं, मामांनी बिलबुकाच्या कोऱ्या पानावर मराठीत चार ओळी लिहून सही केली होती. बांधणी नाही, पीपीटी नाही. तोंडीला पूर्ण गुण दिले तरी बेरीज त्या अकरा जणांच्या खाली राहत होती. आतल्या परीक्षक मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “सर, आधी पेन्सिलने लिहा. वहीला पीपीटीच्या रकान्यात धरता येतं का, ते मी ऑफिसला विचारून येते.”